घडी, मोरी आणि ऊन

पाळीच्या दिवसांत वापरलेले कापड धुऊन, वाळवून पुन्हा वापरण्याची रीत मुंबईच्या उपनगरांत विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत बहुतेक घरांत होती. तिच्याविषयी लिहिलेले फारसे सापडत नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात साष्टीची भातशेती आहे, मिठागरे आहेत, विहिरी आणि तळी आहेत. त्या विहिरींवर बायका काय धूत होत्या याची दखल घेण्याचे सरकारी साहेबांना कारण नव्हते आणि त्यांच्या कारकुनांना धाडस नव्हते. म्हणून या रिवाजाचा इतिहास आडवाटेने शोधावा लागतो. कापड कुठून मिळत होते, पाणी किती आणि कोणत्या वेळी येत होते, धुतलेले वाळत कुठे घालता येत होते, हे पाहिले की बरेचसे उलगडते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या भागांत शंभर वर्षांत हे तिन्ही बदलले आणि त्यांच्याबरोबर कापडाची घडी मागे पडली. कापड मुळातच घाणेरडे म्हणून गेले ही समजूत नंतरची, आणि ती पक्की करण्यात जाहिरातींचा वाटा मोठा.

साष्टीची ही गावे आधी ठाणे जिल्ह्यात मोडत. १९२० मध्ये त्यांतल्या काही गावांचा मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, तरी अंधेरीजवळचे मरोळ, बोरिवलीतले एक्सर आणि वझिरा, घाटकोपरलगतचे किरोळ, मुलुंडजवळचे नाहूर ही तेव्हा शेतीचीच गावे होती. कोळी, आगरी, कुणबी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि डोंगराच्या कडेला वारली अशी वस्ती. घर लहान असले तरी मागे परसू असे, परसाला काटेरी कुडाचे कुंपण, आणि हाकेच्या अंतरावर विहीर किंवा तळे. न्हाणीचे सांडपाणी केळीच्या आळ्यात जाई. पाळीचे कापड धुण्यासाठी लागणारे सगळे काही, म्हणजे पाणी, आडोसा आणि उघडी जागा, घराच्या मागच्या दारी होते.

कापड म्हणजे जुने लुगडे. नव्या गिरणी कापडाला खळ असते. ती असेपर्यंत पाणी त्यात मुरत नाही, वरून घरंगळते. पुष्कळ धुण्यांनंतर खळ निघून जाते, सूत मऊ पडते आणि मग कापड ओल धरू लागते. त्यामुळे दोन-तीन वर्षे नेसून विरलेले सुती लुगडे या कामाला नव्या कापडापेक्षा सरस ठरे, आणि खर्चही शून्य. एका नऊवारीच्या वाटण्या घराघरांत ठरलेल्या असत. धडसा भाग गोधडीला, मऊ भाग बाळाच्या दुपट्याला आणि लंगोटाला, उरलेला बायकांच्या घड्यांना. डाग दिसू नयेत म्हणून गडद रंगाचे तुकडे त्यासाठी राखून ठेवत. हातभर लांबीचा तुकडा तीन-चार पदरी दुमडला की घडी झाली. काष्टा घातलेल्या लुगड्यात तिला आधार आपोआप मिळे. पुढे गोल पातळ नेसण्याची चाल आली तेव्हा हा आधार गेला आणि कमरेला नाडी बांधून तिच्यात लंगोटासारखी पट्टी अडकवावी लागू लागली. शिवलेल्या चड्ड्या सर्रास होईपर्यंत ही पट्टीच चालली. नेसण्याच्या पद्धतीतला हा बदल शहरी फॅशन म्हणून पुष्कळदा सांगितला जातो, पण त्याने बायकांच्या महिन्याच्या चार दिवसांची व्यवस्थाही बदलून टाकली हे क्वचितच कोणी लिहिते.

धुण्याची पद्धत आईकडून मुलीकडे तोंडीच जाई आणि तिच्यातली मुख्य सूचना एकच होती: आधी गार पाणी. रक्तातली प्रथिने उष्णतेने थिजतात आणि धाग्याला धरून बसतात. ऊन पाण्यात बुडवलेल्या कापडाचा डाग मग जन्मभर निघत नाही. हे रसायन कोणाला माहीत नसले तरी परिणाम माहीत होता. घडी गार पाण्यात भिजत घालायची, पहिले लाल पाणी ओतून द्यायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा पिळायचे आणि मगच चोळायला घ्यायचे. चोळण्यासाठी चुलीतली चाळलेली राख असे. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो आणि तो तेलकट, चिकट मळ सोडवतो. ज्यांना जमे ते रिठ्याचे पाणी करत; रिठ्याच्या सालीतल्या फेसाळ द्रव्याला आज सॅपोनिन म्हणतात. कपडे धुण्याचा सोडा आणि वडीचा साबण गावाच्या वाण्याकडे येऊ लागल्यावर राख मागे पडली. शेवटी कडक उन्हात वाळवणे. उन्हाने दोन कामे होत: कापडातली ओल पूर्ण जाई, आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी जंतू मरत. वाळलेल्या घड्या गाठोड्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी किंवा माळ्यावर ठेवत. घडी अगदीच विरली की ती जाळत किंवा परसात पुरत. कोणाच्या हाती लागली तर करणी होते ही भीती त्यामागे होती. पण तिच्यामुळे कापडाची विल्हेवाटही आपोआप लागत होती.

या धुण्यावर विटाळाची सावली होती. धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी रजस्वलेला तीन दिवस वेगळे राहण्यास सांगितले होते, आणि उपनगरांत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या पांढरपेशा घरांत ते काटेकोर पाळले जाई. ‘कावळा शिवला’ असे मुलांना सांगितले की आई कोपऱ्यात का बसली याचे उत्तर पुरे होई. बाजूला बसलेल्या बाईचे अंथरूण, ताटवाटी वेगळी; तिचे कपडे दुसऱ्याने धुवायचे नाहीत; चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, कपडे भिजवून मगच ती घरात वावरे. अजाणता घडलेल्या शिवाशिवीच्या दोषासाठी वर्षातून एकदा, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीचा उपास. भातलावणी करणाऱ्या कुणबी बाईला किंवा बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या कोळिणीला चार दिवस कोपरा धरून बसणे परवडणारे नव्हते. तिथे देवघर आणि लोणच्याची बरणी यांपुरताच नियम उरे. मात्र एक नियम सगळीकडे सारखा होता. ते कापड पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. परसू होते तोवर हा नियम फारसा जाचला नाही, कारण मागच्या कुंपणावर पुरुष फिरकत नसत. जागा आकसल्यावर याच नियमाने सगळी घडी विस्कटली.

जागा आकसण्याची सुरुवात रेल्वेने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या शेतांतूनच ठाण्याला गेली होती, पण वस्ती वाढायला आणखी अर्धे शतक लागले. १८९६ च्या प्लेगनंतर गिरगाव-भुलेश्वरच्या दाटीतून लोक उत्तरेकडे सरकू लागले. १९२२ च्या सुमारास मुलुंडला चौकटीच्या आखीव रस्त्यांचे नवे गाव वसवण्यात आले. ५ जानेवारी १९२८ पासून बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली. बंगले थोडे, चाळी पुष्कळ. दहा बाय दहाची खोली, एका कोपऱ्यात मोरी, बाहेर सामाईक गॅलरी आणि टोकाला सामाईक संडास, हा साचा परळ-लालबागहून अंधेरी-घाटकोपरला तसाच आला.

पाण्याचा इतिहास तर थोडा चमत्कारिकच आहे. मुंबईला नळाचे पाणी देणारा विहार तलाव १८६० मध्ये साष्टीच्या डोंगरात बांधून झाला, त्याच्या शेजारी १८७९ मध्ये तुळशी. म्हणजे पाणी बोरिवली-अंधेरीच्या मागच्या डोंगरांतले, आणि नळ मात्र भायखळ्याला नि फोर्टला. गावांच्या डोक्यावरून जाड लोखंडी नळ शहराकडे जात होते आणि खालची गावे विहिरीवर तगून होती. उपनगरांचा पहिला टप्पा १९५० मध्ये, तर बोरिवली-मुलुंडपर्यंतचा भाग १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आला. त्याच सुमारास वैतरणा नदीवरचे मोडकसागर धरणही पुरे झाले. महापालिकेचे पाणी चाळीत पोहोचले ते ठरलेल्या वेळेला. पहाटे तास-दीड तास नळ, मग दिवसभर पिंप आणि हंडे. नळ आला तसे विहिरीकडे दुर्लक्ष झाले. शहरात मलेरियाच्या बंदोबस्तासाठी विहिरी बुजवण्याचा सपाटा १९११ नंतरच सुरू झाला होता. उपनगरांत पुढे कचऱ्याने आणि इमारतींच्या पायांनी तेच काम केले.

चाळीतल्या मोरीत घडी धुण्याचे एक वेळापत्रकच असे. घरातले पुरुष आणि मुले झोपेत असताना, नळ यायच्या आधी, बाई उठे. आदल्या रात्रीपासून मोरीतल्या फुटक्या बादलीत किंवा डालड्याच्या रिकाम्या डब्यात, वर फडके झाकून, घड्या भिजत असत. पहिले पाणी ओतताना मोरीच्या भोकातून ते खालच्या उघड्या गटारात जाताना कोणाला दिसू नये म्हणून मागोमाग तांब्याभर स्वच्छ पाणी. नळ आला की आधी पिण्याचे भरायचे, मग स्वयंपाकाचे, मग अंघोळीचे. घड्यांच्या वाट्याला उरलेले पाणी. दोनदा खळबळून काढायला पाणी कमी पडले की साबण कापडात राहतो, वाळल्यावर कापड कडक होते आणि मांडी सोलवटते. त्या काळातल्या बायका ज्या खरचटण्याविषयी सांगतात त्याचे एक कारण हे आहे. धुऊन झाल्यावर खरी पंचाईत वाळवण्याची. गॅलरीतल्या दोरीवर अख्ख्या मजल्याची ये-जा. मग आतल्या दांडीवर, वर परकर किंवा टॉवेल पसरून, त्याच्या खाली घड्या. वरचा परकर खडखडीत वाळे, खालची घडी दमटच राही.

पावसाळ्यात हाल विचारू नयेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो, आणि त्या काळात दिवसचे दिवस ऊन नसते. कोंदट खोलीत सुती कापडाच्या चार पदरांना वाळायला दोन-दोन दिवस लागतात. बायका शेगडीवर उपडे टोपले ठेवून त्यावर घड्या शेकवत, कोळशाची इस्त्री फिरवत. तेही झाले नाही तर ओलसर घडीच घ्यावी लागे. खाज, पुरळ, पांढरे जाणे या तक्रारी मग येत, आणि डॉक्टरकडे सांगायची लाज असल्याने तशाच राहत. कापडाची बदनामी झाली ती मुख्यतः या दमट घडीमुळे. ओडिशातल्या रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासाने २०१८ मध्ये हेच दाखवले: पुन्हा वापरायचे कापड घराच्या आत वाळवणाऱ्या आणि ते संडासाच्या जागेत लपवून ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. चाळीतल्या बाईला हे कळत नव्हते असे नाही. तिच्याकडे ऊन नव्हते.

कापडही बदलत होते. १९६० च्या दशकात नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या. न चुरगळणाऱ्या, झटपट वाळणाऱ्या, दिसायला तलम. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या नोकरदार बाईला त्या सोयीच्याच होत्या. पण या धाग्यात पाणी मुरत नाही. नायलॉनची साडी जुनी झाली तरी तिची घडी होत नाही, दुपटे होत नाही, पोतेरेही धड होत नाही. भांडीवालीला देऊन पातेले घेणे एवढाच तिचा उपयोग. ज्या घरात पूर्वी वर्षाला एक तरी सुती लुगडे जुने होई, तिथे आता मऊ सूत शोधावे लागू लागले: नवऱ्याचे जुने धोतर, बनियन, पलंगपोस. काहीजणी गिरणीच्या दुकानातून तुकडे विकत आणत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप झाला आणि त्यानंतर एकेक करून गिरण्याच बंद पडत गेल्या तेव्हा तोही मार्ग अरुंद झाला. साबणाची मात्र चंगळ झाली होती. घाटकोपर आणि मुलुंडच्या दरम्यान विक्रोळीला साबण बनवणाऱ्या गोदरेजची वसाहत उभी होती, घरोघर ५०१ साबणाची वडी होती, १९५९ मध्ये सर्फ आणि दहा वर्षांनी निरमा बाजारात आला. धुवायला उत्तम पावडर आणि धुवायला योग्य कापडच नाही, अशी गंमत झाली.

विकतचे पॅड याच पोकळीत आले. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून शोषक पदार्थ तयार झाला होता. युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचे काय करायचे या प्रश्नातून अमेरिकेत १९२० मध्ये कोटेक्स निघाले. मुंबईत ते आणि तसले विलायती पॅड फोर्टच्या दुकानांत थोडक्या लोकांपुरते होते. मध्यमवर्गीय उपनगरांत आधी आली ती घरगुती तडजोड: औषधाच्या दुकानातला कापसाचा गुंडाळा आणि गॉज आणून, गॉजमध्ये कापूस भरून केलेली घडी. ती धुवायची नसे, टाकून द्यायची असे. परिचारिका, शिक्षिका आणि बँकेत-टपालात नोकरी करणाऱ्या मुलींनी ती उचलली. १९५० चे दशक संपता संपता जॉन्सन अँड जॉन्सनचा भारतातला पहिला कारखाना मुलुंडला उभा राहिला. तिथली ओळख बेबी पावडरची, पण पुढे केअरफ्री आणि स्टेफ्री ही नावे याच कंपनीने घरोघर नेली. सुरुवातीच्या पॅडला कमरेचा पट्टा लागे, मागे चिकटपट्टी आली ती नंतर. १९८९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने व्हिस्पर आणले, आणि या कंपनीचे भारतातले मुख्य कार्यालय अंधेरीला चकाल्यात आहे. देशभरच्या बायकांना कापड सोडायला शिकवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांचे पत्ते मुलुंड आणि अंधेरी असावेत हा योगायोग उद्योगांच्या नकाशामुळे घडला. उपनगरांतल्या बायकांच्या सवयींशी त्याचा संबंध नाही.

सवय बदलली ती लोकलमुळे. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईचा दिवस सकाळी सातला घर सोडून रात्री आठला परतण्याचा. स्टेशनवरची स्वच्छतागृहे तोकडी आणि अस्वच्छ, ऑफिसात पुरुषांचीच सोय आधी केलेली. दुपारी बदललेली घडी धुवायची कुठे आणि ओली पिशवीत घालून न्यायची कशी? पॅड कागदात गुंडाळून टाकता येत होते, तेवढ्यानेच ते जिंकले. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त महिलांची पहिली लोकल सुरू झाली तेव्हा तिच्यातून जाणाऱ्या नोकरदार बायकांपैकी पुष्कळजणी बाहेर पॅड आणि घरी कापड असा दुहेरी कारभार चालवत होत्या. सुट्टीच्या दिवशी कापड, कारण पॅड महाग. टीव्हीवरच्या जाहिरातीत निळे पाणी ओतून शोषणाची परीक्षा दाखवली जाई आणि शेजारी कापड म्हणजे मागासलेपण असे चित्र. औषधवाला मात्र पाकीट वर्तमानपत्रात बांधून काळ्या पिशवीत घालून देई. लपवण्याचा जुना नियम घडीवरून पाकिटावर आला, एवढाच फरक.

झोपडवस्त्यांत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. २००१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची निम्म्याहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत होती. घाटकोपरच्या पश्चिमेला असल्फा, आझादनगर, भटवाडीच्या टेकड्यांवर घरे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेली आहेत. नळ पायथ्याला आणि वरच्या घराला पाणी कॅनने किंवा विकतच्या पाइपने. एक कॅन वीस लिटरचा. चार घड्या नीट धुवायला, म्हणजे भिजवून, साबण लावून तीनदा खळबळायला, असा एखादा कॅन सहज संपतो. ज्या घरात कॅनचा हिशेब होतो तिथे घड्या नीट धुतल्या जात नाहीत, हे आरोग्यसेविकांना शिकवायची गरज नसते. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणीच देत नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, वस्ती बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला, आणि २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण जाहीर केले. पाळीच्या कापडाच्या इतिहासात या निर्णयाला पॅडच्या कुठल्याही मोफत वाटपापेक्षा वरची जागा द्यायला हवी.

सार्वजनिक संडासांत पाण्याचा डबा बाहेरून न्यावा लागतो आणि आत कडीसुद्धा धड नसते. चेंबूरच्या कोरो संस्थेशी जोडलेल्या कार्यकर्त्यांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली तेव्हा मागणी मुतारीची होती, पण तिच्या मागे पाळीच्या दिवसांतला आडोसाही होताच. घाटकोपरच्या आझादनगरात २०१६ मध्ये महापालिका आणि हिंदुस्तान युनिलिव्हर यांनी ‘सुविधा’ केंद्र उभारले. संडासाबरोबर न्हाणीघर, पिण्याचे पाणी आणि पैसे देऊन वापरायची धुलाई यंत्रे एका छताखाली, आणि हात धुतलेले व अंघोळीचे पाणी गाळून संडासात फ्लशला. कपडे धुण्याची जागा सार्वजनिक सोयीत धरली गेली हे महत्त्वाचे. तरी अशा केंद्रात बाई घरच्या चादरी धुवायला देते, घड्या देत नाही. बंद दार आणि स्वतंत्र नळ असल्याशिवाय ते धुणे घराबाहेर होत नाही.

सरकारी मोजणीतही कापडावर शिक्का बसला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सॅनिटरी नॅपकिन, स्थानिक पातळीवर तयार केलेले नॅपकिन, टॅम्पॉन आणि कप यांना ‘आरोग्यदायी साधने’ म्हटले आहे. कापड त्यात नाही, मग ते कितीही नीट धुतलेले असो. २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के ‘आरोग्यदायी’ साधने वापरत होत्या आणि त्याच वेळी निम्म्या कापडही वापरत होत्या. दोन्ही आकडे एकत्र वाचले की घरोघरचा दुहेरी कारभार दिसतो. सर्वेक्षणाने पदार्थ विचारला, धुणे विचारले नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मासिक पाळी व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र कापड नाकारले नव्हते. ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे असे त्यांत सांगितलेले आहे.

टाकून देण्याच्या सोयीचे बिल कचऱ्यात निघाले. उपनगरांचा कचरा देवनारच्या १९२७ पासूनच्या क्षेपणभूमीत जाई, आणि मुलुंडच्या क्षेपणभूमीत १९६७ पासून. पॅडमध्ये प्लास्टिकचा पातळ थर आणि पाणी धरून फुगणारी रासायनिक पूड असते. ती कुजत नाही. कचरा वेचणाऱ्या बायका हे पॅड उघड्या हातांनी बाजूला काढतात, त्यांच्या पायाला ते चिकटतात. वस्तीतल्या संडासाच्या सेप्टिक टाक्या त्यांनीच तुंबतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांना पॅडबरोबर गुंडाळण्याची पिशवी देण्यास सांगितले, वापरणाऱ्यांना ते वेगळे गुंडाळून सुक्या कचऱ्यात देण्यास. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये महापालिकेने घरगुती सॅनिटरी कचरा वेगळा गोळा करण्याची सेवा सुरू केली, ती नोंदणी केलेल्या सोसायट्या, वसतिगृहे आणि ब्यूटी पार्लर यांच्यासाठी.

कापडाचे पुनरागमन या कचऱ्याच्या चर्चेतून झाले आणि ते वरच्या मजल्यांवरून झाले. ऑरोविलच्या इको फेमने २०१० मध्ये शिवलेले कापडी पॅड विकायला सुरुवात केली. तशा मालाची दुकाने आणि घरगुती उद्योग पुढे मुंबईतही आले. फ्लॅनेलचे तीन-चार थर, खाली गळती अडवणारा पातळ पडदा, दोन बाजूंना पंख आणि चड्डीखाली अडकवायला टिचबटण. एक पॅड नीट वापरले तर साधारण ७५ धुण्यांना पुरते, म्हणजे काही वर्षे. धुण्याच्या सूचना वाचल्या की मागच्या दारची आजी आठवावी: गार पाण्यात भिजवा, गरम पाणी नको, साबण पूर्ण काढा, उन्हात वाळवा. नवीन एवढेच की कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव घालू नका, त्याचा थर बसून शोषण कमी होते, आणि यंत्रात घालण्यापूर्वी एकदा हाताने खळबळून घ्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पहिल्या काही दिवसांत सॅनिटरी पॅड अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत स्पष्टपणे नव्हते, २९ मार्चला तसा खुलासा निघाला. तेवढ्या काळात अनेक घरांनी पुन्हा जुनी साडी कापली. भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४ हे स्वतंत्र मानक काढले, तेव्हा कापडाला प्रथमच सरकारी दर्जा मिळाला.

वर्गांची अदलाबदल मात्र पूर्ण झाली आहे. १९७० मध्ये मुलुंडच्या बंगल्यातली बाई पॅड घेई आणि टेकडीवरची कापड. आज तीनशे रुपयांचा एक कापडी पॅड अंधेरीच्या टॉवरमध्ये जातो, कारण तिथे चोवीस तास पाणी आहे, स्वतःचे न्हाणीघर आहे, धुलाई यंत्र आहे आणि उन्हाची बाल्कनी आहे. असल्फ्याच्या टेकडीवरची मुलगी पाच-सहा रुपयांना मिळणारा स्वस्त पॅड घेते आणि तो कागदात गुंडाळून नाल्याकाठच्या ढिगात टाकते. बोरिवलीच्या जुन्या गावठाणांत, जिथे बैठ्या घरामागे अजून एखादी बावडी आणि दोरी टिकून आहे, तिथल्या वयस्क बायकांकडे ट्रंकेच्या तळाला मऊ सुती तुकडे अजूनही असतात. त्यांचा वापर आता नातवंडांची दुपटी आणि देवाची समई पुसण्यापुरता राहिला आहे.